एका हाकेची ओ

केशरनं बूड टेकलेलं वाडीत कुणी फारसं पाहिलं नव्हतं. जेवायची ती चुलीपाशी, उभ्यानं. पान खायची ती चालता चालता. कुणाच्या ओसरीवर बोलायला आली तर खांबाला हात लावून अशी उभी राहायची, की हा शब्द संपला की निघालीच. "बस की गे जरा," म्हटलं तर म्हणायची, "बसलं की पाय निजत्यात. आन मला अजून कोंड उतरायचाय." कोंड उतरायचा नसला तरी हेच म्हणायची. तिची सासू पुतळी सगळ्यांना सांगायची, हिच्या तळपायाखाली मुंग्यांनी वारूळ केलंय.

कोंड म्हणजे जांभळीचा कोंड. सुपे गावाच्या वरच्या अंगाला काळी नदी खडकांवर आदळत येते आणि दमल्यासारखी होऊन एका लांबलचक डोहात पसरते. पाणी इतकं संथ, की वाळकं पान टाकलं तर जावं की राहावं याचा ते दुपारपर्यंत विचार करतं. डोहाच्या मध्यावर वळण आहे, आणि वळणाच्या टोकाला पाण्यात उतरलेला काळा कातळ. पाण्यात बसलेल्या म्हशीची पाठ दिसावी तसा तो दिसतो, म्हणून त्याचं नावच म्हशी. म्हशीच्या पल्याड काय चाललंय ते अल्याडच्याला दिसत नाही.

वाडी या काठाला, उंचावर. भाताची खाचरं त्या काठाला, सखलात. म्हणजे नांगर, बी, माणसं, कापलेलं भात, सगळंच पाण्यावरनं न्यायचं. त्यासाठी आंब्याच्या अख्ख्या खोडात कोरलेल्या होड्या. केशरची होडी तिच्या आजेसासऱ्यानं कोरली होती, फॉरेस्टानं झाडांवर शिक्के मारायला सुरुवात केली त्याच्या आधी. आता तसं झाड तोडायचं नाव काढलं तरी गार्ड दारात. त्यामुळं होडी फुटली की घर फुटलं, असा हिशेब.

आणि कोंडावर हाकेचा एक कायदा होता. वळणावरनं जो येईल त्यानं म्हशीच्या अलीकडनं कुकारा घालायचा, तीनदा. दुसऱ्या अंगाला जो पाण्यात असेल त्यानं पहिल्याला गप राहायचं, दुसऱ्याला गप राहायचं, तिसऱ्याला ओ द्यायची. ओ आली की येणाऱ्यानं थांबायचं आणि पाण्यातल्याला जाऊ द्यायचं. पहिल्याच हाकेला कुणीही ओ देत नसे. जित्या माणसाला गरज असते, ते तीनदा ओरडतं. बुडालेल्याच्या पोटात दमच एक हाकेपुरता उरलेला असतो. त्या एका हाकेला जो ओ देईल त्याचा दम बुडालेल्याला लागतो, आणि तो दम घेऊन जातो.

केशरचा नवरा गुणा असाच गेला, असं पुतळीचं म्हणणं. भातलावणीच्या दिवसांत तो खाचराकडं म्हणून निघाला, होडी त्या काठाला बांधलेली सापडली, गुणा सापडला नाही. पुतळी म्हणे, मी या काठावर होते, कोंडातनं एक हाक आली, माझ्या लेकानं ओ दिली, माझ्या कानांनी ऐकलं. वाडीतले बापे मात्र तोंडावर पंचा धरून वेगळंच बोलत. कॅसलरॉकच्या रेल्वे लायनीवर गुणासारखा एक गडी पहारीनं खडी सारखी करताना कुणी तरी पाहिला होता, आणि त्याला भाकरी घेऊन येणारी बाईही पाहिली होती. पुतळी दर अवसेला पानावर दहीभात काढायची आणि केशर तो कोंडात नेऊन सोडायची. सोडताना तीही उभीच. पाण्याकडं बघायची की कॅसलरॉकच्या डोंगराकडं, हे तिचं तिलाच ठाऊक.

त्या साली पाऊस सरला आणि मुकादम पुंडलिक भकभकी घेऊन आला.

हा पुंडलिक खानापूरकडचा, सागाच्या ठेकेदाराचा माणूस. वरच्या रानात तोडलेले ओंडके नदी फुकट वाहून नेई, पण जांभळीच्या कोंडात आले की ते म्हशींसारखे पसरून पडत. आजवर वाडीतलीच माणसं बांबूनं ढोसून ढोसून ते खाली काढत. ठेकेदाराला घाई झाली, त्यानं वाफेची बोट मागवली. अळणावरपर्यंत ती आगगाडीनं आली, पुढं सुटी करून बैलगाड्यांवर, आणि कोंडाच्या काठी लोहारांनी ठोकून ठोकून पुन्हा जोडली. पोटात बंब, बंबात लाकडं, वर धुराचं नळकांडं. चालताना भक भक करी, म्हणून भकभकी. म्हशीपल्याडची भकभक मात्र कातळ गिळून टाकी, अल्याड पोचे ती शिटीच. मागं ओंडक्यांचा लांब तराफा दोरखंडानं बांधून ती कोंडाच्या वरच्या तोंडापासून खालच्या तोंडापर्यंत ओढत न्यायची. तराफ्यावर बांबू घेऊन वाडीतलीच माणसं.

बोटीवर सदाशिवगडचा खारवी झिलू. खाडीतल्या मोठ्या आगबोटीवर बंबाला लाकडं घालत थोराड झालेला. आमच्या नदीला तो चूळ भरायचं पाणी म्हणायचा. वळणावर आला की शिटीची दोरी एकदा ओढायचा. समुद्रावर एक शिटी पुरते.

भात कापून झालं. केशरचा दीर धाकलू आणि ती, दोघं भारे आणू लागली. त्या दुपारी होडी इतकी भरली होती की काठ पाण्याच्या वर चार बोटं राहिला होता. धाकलू पुढं, केशर मागं वल्ह्याला, आणि दोघांमध्ये भाऱ्यांचा ढीग. कोंडाच्या मध्यावर असताना म्हशीपलीकडनं शिटी झाली. लांब, घोगरी, एक.

"वैनी, शिटी झाली," धाकलू म्हणाला. "ओ द्यायची?"

"एकच झाली. थांब."

"बोटीची असंल."

"असंल तर दुसरी हुईल."

दुसरी झाली नाही. भकभकीच आली. म्हशीच्या पाठीमागनं तिचं नळकांडं निघालं, मग पुढचं नाक, आणि नाकापुढं फुगलेलं पाणी. झिलूनं यांना पाहिलं आणि दोन्ही हात हलवून "कडेक व्हा, कडेक व्हा" म्हणून ओरडला. केशरनं वल्हं लावलं, पण भरली होडी वळवायची म्हणजे गाभण म्हैस वळवायची. बोट बाजूनं गेली. तिची लाट होडीच्या काठावरनं आत आली, आणि होडी पाणी पिऊन आडवी झाली. भारे पसरले. वर मागनं तराफा. केशर पोहत सुटली. धाकलूनं होडी सोडली नाही म्हणून होडी वाचली, पण होडी आणि ओंडका यांच्यामध्ये त्याचा पाय सापडला. तराफ्यावरच्या माणसांनी बांबूनं ओंडके रेटून त्याला बाहेर काढला. तेव्हापासून धाकलू एका अंगानं लंगडला तो कायमचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिक मुकादम वाडीच्या उतारावर येऊन उभा राहिला. काल बोट पुढं जाऊन बंदच पडली होती, तिच्या पंख्यात भाताचे भारे गेले होते.

"होळीपतोर सागाचा माल उतरायचा हाय," तो म्हणाला. "तवर कोंडात होडी दिसली तर कुऱ्हाड घालीन तिच्यावर. सांगून ठेवतो."

"आन आमचं भात?" केशरनं विचारलं. "त्या काठाला ढीग घालून ठेवलंय. होळीपतोर काय डुकरं राखणार व्हय?"

"त्ये मला इचारू नको, बाई. मी भाताचा मुकादम न्हाई."

तो गेला. वर्षाचं भात त्या काठाला, खाणारी तोंडं या काठाला, आणि डुकरांनी रोज रात्री ढिगाची एक कड खायला घेतलेली. केशर अंगणात येरझाऱ्या घालू लागली. पुतळी म्हणाली, "बस गे, भुईला भोक पडंल." केशरनं ऐकलं नाही. ती तडक काठाकाठानं भकभकी जिथं थांबली होती तिथं गेली.

झिलू छातीएवढ्या पाण्यात उभा होता. हातात कोयता, ओठ निळे. बोटीच्या बुडाखाली डुबकी मारायचा, पेंढ्याची मूठभर गुंतवळ घेऊन वर यायचा, काठावर फेकायचा.

"काय कापायलास?" केशर वरनं म्हणाली.

"तुजंच भात," झिलू म्हणाला. "काल कापलंस तू, आज कापतोय मी. शिटी मारली ती ऐकू आली न्हाय?"

"आली."

"मग?"

"एकच आली."

"एक ऐकू येते आणि ओ देता येत न्हाय, ह्यो कसला कान गो बाय?"

केशरनं त्याला हाकेचा कायदा सांगितला. सांगताना काठावर इकडनं तिकडं फिरत होती, त्यामुळं पाण्यातल्या झिलूला मान सारखी वळवावी लागत होती. तो आधी हसला. मग हसला नाही. दर्यावरच्या माणसाला अशा गोष्टी नव्या नसतात.

"म्हणजे मी तुमका भूत वाटलो?"

"भूत परवडलं. त्याच्या मागं ओंडके नसत्यात."

झिलू काठाशी आला, अंग पुसलं, बिडी पेटवली. म्हणाला, "शिटी फुकट न्हाय. बंबातली वाफ खाते ती. म्हशीजवळ तीनदा मारली तर वळणावर ओढायला जोरच उरत न्हाय."

"मग थांबायचं. ओ आली की थांबायचं, कोंडावर सगळी थांबत्यात."

"मी थांबेन. ते थांबतील?" त्यानं तराफ्याकडं बिडी केली. "बोट थांबली की मागचा सगळा साग माझ्या पाठीवर येतो. काल मी मस्तीनं आलो असं वाटलं का तुला?"

केशरला तसंच वाटलं होतं. ती फिरायची थांबली. ज्याला थांबता येतं त्यानं थांबायचं असतं, हे तिला कळत होतं. पण थांबायचं तर वेळेवर कळायला पाहिजे.

"मी भरलेली असले तर मला वळता येत न्हाई," ती म्हणाली. "तू बांधलेला असलास तर तुला थांबता येत न्हाई. मग दोघांनी लांबनंच बोलाय पाहिजे."

तिथं उभ्या उभ्या त्यांचं ठरलं. झिलूनं शिटी म्हशीजवळ मारायचीच नाही. मागं, काठावर मोठी जांभूळ आहे तिथंच मारायची, तीनदा. म्हणजे वळणापर्यंत वाफ पुन्हा भरेल. तिसऱ्या शिटीला ओ आली तर पाण्यात माणूस आहे असं समजून त्यानं तराफा आतल्या वाळूच्या काठाला घासत न्यायचा, म्हणजे वाळू त्याला धरेल, आणि होडीजवळनं जाताना पंखा बंद ठेवायचा. ओ आली नाही तर पाणी मोकळं समजून तो मधनं जोरात येणार. केशरनं म्हशीच्या कडेनंच जायचं, आणि बोट नि तराफा यांच्यामधल्या दोरावरनं काही झालं तरी जायचं नाही.

मुकादमाला झिलूनंच जाऊन सांगितलं, केशर मागं उभी. पुंडलिक तापला. झिलू म्हणाला, "तुमी होड्या फोडा. मग वाडीतली माणसं भात कुजत ठेवून तुमच्या तराफ्यावर येतील काय ते बघा. आणि चोरून कोणी होडी घातली, परत पंख्यात भात गेलं, तर त्या थंड पाण्यात तुमी उतरा. मी उतरणार न्हाय."

पुंडलिकानं विचार केला. "काय झालं तर बोट तुझ्या गळ्यात, आन होडी तिच्या."

"माझी होडी माझ्याच गळ्यात हाय की," केशर म्हणाली. "तुमी कधी काढली हुती?"

मग भात येऊ लागलं. जांभळीकडनं तीन शिट्या होत. धाकलू लंगडत येऊन पुढं बसे आणि बोटं दुमडत मोजे. तिसरीला केशर ओ देई. भकभकी वाळूला अंग घासत, पंखा बंद करून, एखादी लठ्ठ सासू दारातनं आडवी निघावी तशी बाजूनं निघून जाई. कधी केशर चालत्या बोटीत तवसं, परसातली मोठी काकडी, फेकी. कधी झिलू सुक्या बांगड्याची पुडी होडीत टाकी. पुतळी काठावर बसून सगळं बघे. "शिट्या मोजून ओ देतीस न्हवं?" दर खेपेला विचारे. "मोजूनच देते, आत्ती," केशर म्हणे. तिला रात्री झोप लागत नव्हती, कारण त्या काठाला अजून ढीग होता आणि डुकरांनाही वाट पाठ झाली होती.

शेवटच्या खेपेच्या आदल्या दिवशी अवेळी पाऊस पडून गेला. सकाळी कोंडावर दमट धुकं होतं, मग तेही गेलं. केशरनं ढिगाचा तळ सुद्धा खरवडून भरला. एकदाचं संपावं म्हणून होडी हवी त्याहून जास्त भरली. काठ दोन बोटं उरला असेल. म्हशीसमोर, मध्यावर आली, आणि जांभळीकडनं शिटी झाली.

लांब, घोगरी.

केशरनं वल्हं पाण्यात धरून ठेवलं. धाकलूनं एक बोट दुमडलं आणि तसंच धरून बसला.

दुसरी आली नाही. कान पाण्याला लावावा इतकं दोघं गप. पाण्यावरनं एक पाणकोंबडी पळाली. दुसरी आली नाही.

बोट असेल तर झिलू दुसरी का मारत नाही. बोट नसेल तर ही हाक कुणाची. आणि बोट असेल आणि आपण गप बसलो, तर त्याच्या लेखी पाणी मोकळं, तो मधनं येणार, आणि दोन बोटं काठाच्या होडीला लाट सुद्धा नको, नुसता वारा पुरे. धाकलूला तर आता पोहताही येत नव्हतं. या काठावर पुतळी उठून उभी राहिली होती आणि दोन्ही हात हलवत होती, देऊ नको, देऊ नको. धाकलूनं मागं वळून बघितलं नाही, पण स्वतःच्या तोंडावर पंजा दाबून धरला.

भरल्या होडीत कुणी उभं राहत नाही. केशर उभी राहिली. बेंबीपासनं ओ दिली. ती म्हशीवर आपटली आणि परत आली, आणि तिचाच आवाज तिला असा ऐकू आला की जणू दुसऱ्याच कुणी ओ दिली.

मग वळणापलीकडनं माणसाच्या गळ्यातला कुकारा आला. कू. मग पुन्हा, आणि पुन्हा. तीनदा. झिलूचाच, खारव्याचा, चिरका.

"बस की आता खाली," धाकलू पंजाआडनं म्हणाला. "बुडवशील."

भकभकी आली ती वाळूच्या काठाला अंग घासत, पंखा बंद. तराफा वाळूत एवढा रुतला की मागचे दोन ओंडके सुटून फिरू लागले, आणि पुंडलिक काठावरनं झिलूच्या आईबापांची नावं काढत धावत होता. झिलूनं लक्ष दिलं नाही. जवळनं जाताना म्हणाला, "लाकडं भिजली गो. दुसऱ्या शिटीला नुसती फुस्स झाली, मांजरासारखी. तू ओ दिली म्हणून बरं, न्हाय तर मी मधनंच येत होतो."

केशरची बोटं वल्ह्यावरनं सुटत नव्हती.

काठाला लागल्यावर पुतळी समोर आली. "दिलीस."

"दिली."

"आता?"

"आता भात उतरवू या."

भात उतरलं, मळलं, कणगीत गेलं. डुकरांनी खाल्लं ते गेलं, पण पावसाळ्यापर्यंत पुरेल एवढं राहिलं. केशर मात्र त्या दिवसापासनं जास्तच भिरभिरली. घरात असली की दारात, दारात असली की परसात. मध्येच चुलीशी येई आणि विस्तव चांगला फुललेला असला तरी फुंकणी उचलून फुंके. राख उडे. म्हणजे दम आहे. जरा वेळानं पुन्हा येई, पुन्हा फुंके. पुतळी भिंतीला टेकून तिच्याकडं बघत बसे, जशी काही पाहुणी कधी उठून जाते त्याची वाट बघतेय.

केशर गेली नाही. सर्दी सुद्धा झाली नाही. माल लवकर उतरला आणि भकभकी पुन्हा सुटी होऊन गाड्यांवर चढली. झिलू जाताना वाडीत आला, धाकलूला बिड्या देऊन गेला. केशर तेव्हा काठावर होती, तिनं लांबनंच वल्हं वर केलं.

अवस आली. पुतळीनं केळीच्या पानावर दहीभात काढला आणि नेहमीसारखं पान केशरच्या हातात दिलं. केशरनं पान घेतलं, पण उंबरा ओलांडला नाही.

"आत्ती, एका हाकेला ओ दिली की दम जातो. असंच न्हवं?"

"व्हय."

"मी दिली. मी हाय."

"तुला हाक घालणारा बोटवाला हुता."

"त्ये मागनं कळलं. ओ दिली तवा मला कुठं ठावं हुतं?"

पुतळी पदराचं टोक चोळत राहिली. म्हणाली, "मग माझा गुणा?"

"तुमचा गुणा दोन पायांवर गेला," केशर म्हणाली. "होडी बांधून गेला. बुडणारा कधी होडी बांधतो व्हय?"

हे तिला पहिल्या दिवसापासनं दिसत होतं. सुंभाची गाठ गुणाचीच होती, नीट, दुहेरी. पण दिसत होतं म्हणजे बोलता येत होतं असं नाही. पुतळी रडली नाही. एवढंच म्हणाली, "पान वाया घालवू नको. तांदूळ हाय त्यो."

"जित्याला पिंड कशाला," म्हणत केशरनं चुलीपाशी उभ्या उभ्या तो दहीभात स्वतःच खाल्ला, पान गोठ्यातल्या म्हशीपुढं टाकलं आणि हात धुतले. कॅसलरॉककडं जाणारा गाडीवाला खालच्या वाटेनं बैलांना हाकत चालला होता. तिनं त्याला हाक मारली नाही, काही विचारलं नाही. वल्हं उचललं आणि काठाकडं निघाली. त्या दिवशी कोंड उतरायचा नव्हता.